चौघांसाठी बहात्तर तास

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.१०

नवी वही सुरू. जुनी व्यायामाची होती, ती सहाव्या पानावर थांबली. दोष वहीचा. कागद फार पातळ होता, लिहायला उत्साह येत नसे. ही जाड आहे. विषयही तसाच आहे. आपत्कालीन तयारी.

काल इमारतीच्या हॉलमध्ये अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचं व्याख्यान झालं. त्यांचं एक वाक्य फार पटलं. कुठलीही मोठी आपत्ती आली की पहिले बहात्तर तास तुमच्या मदतीला कोणी येणार नाही, असं धरून चाला. मी हे कितीतरी दिवस धरून चाललोय, फक्त तासांचा आकडा माहीत नव्हता.

उपस्थिती अकरा. त्यातले दोघे खुर्च्या मांडायला आलेले. प्रश्नोत्तरांत मी सात प्रश्न विचारले. चौथ्यानंतर अधिकारी म्हणाले, आता इतरांना संधी देऊ. थांबलो. इतर कोणी काही विचारेना. मग पाचवा विचारला.

शेवटी सगळ्यांना एक फॉर्म दिला. ‘कुटुंबाचा आपत्कालीन आराखडा’. पहिला रकाना, घरातील एकूण व्यक्ती. शाईच्या पेनाने ‘४’ लिहिलं. मी, ही, मुलगी आणि मुलगा. बाकीचे रकाने रविवारपर्यंत भरून टाकायचे. रंगाच्या कारखान्यात बत्तीस वर्षं स्टोअर्स सांभाळलं, त्यातली चौदा इनचार्ज म्हणून. एक डबा इकडचा तिकडे झाला नाही. घर म्हणजे तरी काय, लहानसं स्टोअर्सच.

३ फेब्रुवारी, मंगळवार

पाण्यापासून सुरुवात. माणशी दिवसाला चार लिटर. चार माणसं, तीन दिवस. अठ्ठेचाळीस लिटर. हिशोब तोंडी केला. डोकं अजून तल्लख आहे.

बारा-बारा लिटरचे चार कॅन आणले. लिफ्ट बंद, तिसरा मजला. उद्या दुपारपर्यंत चारही वर.

हिला फोन करून योजना सांगितली. ही सध्या मुलीकडे असते. बाळंतपणासाठी पंधरा दिवस म्हणून गेली, त्याला आठ महिने झाले. आता नात टेबलाला धरून उभी राहते. अशा वेळी आजी हवीच. उभी राहते तेव्हा पडण्याचा धोका सर्वांत जास्त.

ही म्हणाली, बरं. मी विचारलं, बरं म्हणजे मंजूर ना? ती म्हणाली, करा तुम्हाला काय करायचंय ते. मंजूर.

५ फेब्रुवारी, गुरुवार

कमरेत उसण. पाणी बारा लिटर वर आलं. उरलेले तीन कॅन खाली जिन्याखाली. त्याला दुय्यम साठा म्हणायचं. सगळा साठा एकाच ठिकाणी ठेवू नये, हे स्टोअर्सचं पहिलं तत्त्व.

दिवसभर आडवा. एक फायदा झाला, छताची पाहणी झाली. दोन तडे. एक जुना, एक नवा. नव्याची लांबी उद्या मोजायची.

दिवसभरात दारावरची बेल वाजली नाही. विश्रांतीला बरं पडलं.

८ फेब्रुवारी, रविवार. दुपारी १२

रविवार फोनचा दिवस. मुलगा परदेशात, त्याच्या आणि आपल्या वेळांचा मेळ बसत नाही, म्हणून त्याचा फोन येत नाही. मी मेसेज पाठवला. त्याने अंगठा पाठवला. अंगठा म्हणजे वाचलं.

फॉर्ममधला तिसरा रकाना, ताटातूट झाल्यास कुटुंबाने भेटण्याची जागा. खूप विचार करून बागेच्या फाटकाजवळचा लोखंडी बाक ठरवला. उघडी जागा, वर विजेच्या तारा नाहीत, बसायची सोय. हिला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, इथून तिथे चौदा तासांची गाडी आहे, नेमकी कसली आपत्ती आल्यावर मी त्या बाकावर यायचं? मी म्हटलं, तो तपशील झाला, आधी तत्त्व ठरू दे. ती म्हणाली, बाळ रडतंय, ठेवते.

मला रडणं ऐकू आलं नाही. हल्लीचे फोन मागचा आवाज कापतात.

११ फेब्रुवारी, बुधवार

कंबर बरी. किट बांधायला घेतलं. चाकांची मोठी बॅग माळ्यावरून काढली. टॉर्च दोन, सेल, दोरी, मेणबत्त्या, बँडेज, कात्री, कागदपत्रांच्या प्रती, बिस्किटं, डबाबंद वाटाणे, सूपची पाकिटं, साखर. सगळं चौपट.

प्रत्येकाचा कपड्यांचा एक जोड ठेवायचा असतो. माझा ठेवला. मुलाचा त्याच्या कॉलेजच्या वेळचा एक शर्ट मिळाला. मुलीची एक ओढणी, तीही चालेल, जखमेला बांधता येते. मग हिचं कपाट उघडलं.

हँगर आहेत. मोजले, सव्वीस. कपडे नाहीत. ही गेली तेव्हा उन्हाळा होता, पण लोकरीचेही नेलेत. दूरदृष्टी आहे. हवामानाचं हल्ली काही सांगता येत नाही. खालच्या खणात एक स्वेटर सापडला तो तिच्या नावाने ठेवला. नंतर कॉलर पाहिली तर तो माझाच. पण स्वेटर कोणालाही होतो.

बॅगेचं वजन एकतीस किलो. चेन लागली. अवघड होतं, पण लागली.

१४ फेब्रुवारी, शनिवार

आज चौथा रकाना. आपत्कालीन संपर्क, घरापासून दहा मिनिटांच्या अंतरावर राहणाऱ्या तीन व्यक्ती.

क्रमांक एक, ही. अंतराचा नियम तात्पुरता शिथिल.

क्रमांक दोन, दाताचे डॉक्टर. दहा मिनिटांच्या आत आहेत आणि मला नावाने ओळखतात.

क्रमांक तीनवर अडलो. मग स्टोअर्समधला जुना सहकारी आठवला. सतरा वर्षं एका टेबलाला समोरासमोर बसलो. नंबर जुन्या डायरीत होता. लावला. तो नंबर आता घरातली झुरळं आणि वाळवी मारणाऱ्या माणसाकडे आहे. त्याने विचारलं, काय त्रास आहे. मी म्हटलं, तसा त्रास काही नाही. तरी त्याने वाळवी कशी ओळखायची ते नीट समजावून सांगितलं. मीही बिन कार्ड म्हणजे काय ते सांगितलं. प्रत्येक मालाच्या खणावर एक कार्ड, आत किती आले आणि बाहेर किती गेले. त्याला आवडलेलं दिसलं. बावीस मिनिटं बोललो. शेवटी तो म्हणाला, काका, कधीही फोन करा.

त्याला तिसऱ्या क्रमांकावर लिहिलं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज मोठं काम मार्गी लागलं. शिट्ट्या. चार आणल्या, नारिंगी, गळ्यात अडकवायच्या दोरीसकट. अधिकारी व्याख्यानात म्हणाले होते की ढिगाऱ्याखाली अडकलेल्या माणसाने ओरडण्यात शक्ती घालवू नये, शिट्टी वाजवावी. कोणावर दुसऱ्याला हाक मारायची वेळच येऊ नये, असं मला वाटतं. प्रत्येकाजवळ शिट्टी. बाथरूममध्ये एक खिळा ठोकला, तिथे एक.

सकाळी अकराला चाचणी. तीन वेळा जोरात. कोणी आलं नाही. समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं आणि लागलं. म्हणजे ऐकू गेलं. चाचणी यशस्वी.

हिची शिट्टी कुरिअरने पाठवली. सोबत कशी वापरायची त्याच्या सूचना, एक पान.

२१ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळी ६

हिचा फोन आला. आपणहून. या वर्षातला पहिला. मी उचलताच म्हटलं, पाहिलंस, यंत्रणा काम करते.

ती म्हणाली, “शिट्टी मिळाली. त्या दिवशी माझ्याकडे शिट्टी नव्हती म्हणून तुम्ही आला नाहीत, असं तुम्हाला खरंच वाटतं का?”

मी म्हटलं, कुठल्या दिवशी. ती म्हणाली, राहू दे. फोन ठेवला.

कुठल्या दिवशी ते मला माहीत आहे. लिहून ठेवतो, म्हणजे नोंद सरळ राहील. गेल्या वर्षी मार्चमध्ये ही बाथरूममध्ये घसरली. मनगट मोडलं. मी बाहेरच्या खोलीत कानाला हेडफोन लावून बॅटऱ्यांवरचा एक कार्यक्रम ऐकत होतो. ती म्हणते चाळीस मिनिटं पडून होती. माझ्या अंदाजाने पंचवीस. त्या वेळी नळ चालू होता, वरच्या मजल्यावर ड्रिल चालू होतं, आणि हिचा आवाज मुळातच बारीक. कोणालाही ऐकू आलं नसतं.

एकदा ऐकल्यासारखं वाटलं होतं. पण पुन्हा हाक आली नाही, म्हणून काम झालं असेल असं धरलं.

२२ फेब्रुवारी, रविवार

सेल तपासले. चांगले आहेत.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

नुसत्या साठ्याने भागत नाही, सराव हवा. संपूर्ण इमारतीसाठी रंगीत तालीम जाहीर केली. रविवार, १ मार्च, सकाळी ११. नोटीस मोठ्या अक्षरांत लिहून खालच्या बोर्डावर लावली. शीर्षक ‘महत्त्वाचे’. खाली दोन रेघा.

संध्याकाळी सेक्रेटरी भेटले. बोर्डावर काही लावायचं तर कमिटीची परवानगी लागते म्हणाले. मी म्हटलं, आग परवानगी घेऊन लागत नाही. हे वाक्य मला तिथल्या तिथे सुचलं. सेक्रेटरींनी घड्याळ पाहिलं आणि मला जरा घाई आहे म्हणाले. रविवारपर्यंत नोटीस राहू द्या, असं निघताना म्हणाले. बहुमत माझ्या बाजूने.

अंदाजे उपस्थिती तीस. शिट्टी कमी पडेल, घसाही तयार ठेवायचा. उद्यापासून आवाजाचा व्यायाम.

१ मार्च, रविवार. दुपारी १

तालीम पार पडली.

ठीक अकराला शिट्टी दिली, बॅग घेतली, निघालो. पाच मिनिटांत खाली पोचायचं असं ठरवलं होतं. अकरा मिनिटं चाळीस सेकंद लागली. थोडक्यात हुकलं. बॅगेचं एक चाक प्रत्येक पायरीवर आपटतं, पण तेही बरंच, लोकांना सूचना मिळते.

उपस्थिती एक. तळमजल्यावरच्या टेलरबाई. मापाची टेप गळ्यात, तोंडात टाचणी. पाणी किती वाजता जाणार म्हणून विचारायला आल्या होत्या. नोटीस त्यांना पाणी बंद राहण्याची वाटली. मी सगळं समजावलं. त्या माझ्याबरोबर फाटकाशी पाच मिनिटं उभ्या राहिल्या. मी शिरगणती घेतली. दोन.

मग म्हणाल्या, तुमच्या बाईंचे दोन ड्रेस कधीचे शिवून पडलेत, तुम्ही नेता का? मी म्हटलं, नको, ती स्वतः घालून बघेल, महिनाअखेरीस येतेच आहे. त्यांनी तोंडातली टाचणी काढली, काहीतरी बोलणार होत्या, पण मग बरं म्हणाल्या.

बॅग वर न्यायला पस्तीस मिनिटं लागली. त्याचा आराखड्याशी संबंध नाही.

४ मार्च, बुधवार

साठ्याची तपासणी. बिस्किटांत घट. चोरी नव्हे. जुना माल आधी संपवायचा आणि नवा मागे ठेवायचा, असा स्टोअर्सचा नियम आहे. तो मी अंमलात आणतोय. एकट्यासाठी गॅस पेटवायचा, भांडी काढायची, मग ती घासायची, यात शक्ती फुकट जाते. किट उघडलं की झालं.

मात्र नोंद चोख. प्रत्येकाच्या नावाने तीन दिवसांची पाकिटं केली आहेत. काल मुलीचा दुसरा दिवस खाल्ला. आज दुपारी मुलाचा पहिला. त्याच्या पाकिटात चॉकलेट ठेवलं होतं, त्याला लहानपणी आवडायचं ते. ते खाल्लं नाही. म्हणजे अर्धंच खाल्लं.

हिच्या पाकिटाला हात लावलेला नाही.

जिन्याखालचे तीन कॅन कोणीतरी झाडांना घातले. दुय्यम साठा संपला. रविवारी नवीन आणणार.

९ मार्च, सोमवार

काल कॅन आणले नाहीत. कंबर जपायला हवी.

मुलीला फोन केला. आई महिनाअखेरीस येते आहे ना, तिकिटाचं बघू का, असं विचारलं. मुलगी म्हणाली, “बाबा, ते तुम्ही आईशीच बोला. मला मध्ये घालू नका.”

मग तिच्या तोंडून निसटलं की आई पहिल्या तारखेपासून जवळच्या पाळणाघरात कामाला जाते. सकाळी साडेआठ ते एक. मुलांना तिचा लळा लागलाय. तिच्यासाठी मधल्या खोलीत नवीन पलंगही घेतलाय, खिडकीपाशी.

हौसेने काही दिवस जाईल. हिला असं अधूनमधून काहीतरी लागतंच. आपल्याकडेही तिने एकदा शिकवण्या घेतल्या होत्या. बाहेरच्या खोलीत मुलं बसायची, मला बातम्या ऐकता येत नसत, म्हणून बंद केल्या. तिनेच केल्या. मी फक्त बोललो होतो.

पलंग खिडकीपाशी नको होता. काचेचा धोका असतो. मुलीला तसा मेसेज केला. अंगठा आला.

१२ मार्च, गुरुवार. दुपारी ४

सकाळी आग लागली. खरी.

जसं घडलं तसं लिहितो. दहा वीसला चहा पीत होतो. वायर जळल्याचा वास आला. दार उघडलं तर जिन्यात काळसर धूर. खालून कोणीतरी ओरडत होतं, मीटरची खोली पेटलीय, बाहेर या. खरं लिहायचं तर पहिल्या क्षणी मला बरं वाटलं. छाती भरून आली. म्हटलं, आता.

टॉर्च घेतला, ओला रुमाल तोंडाला बांधला, गॅस बंद केला. इथपर्यंत सगळं बरोबर. मग बॅग. बॅगेतून इतका माल वापरला होता तरी ती हलकी झाली नव्हती, कारण मधल्या काळात मी तिच्यात एक हातोडा आणि विटेइतकी जाड कागदपत्रांची फाइल घातली होती. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तिचं चाक कठड्याच्या सळईत अडकलं. ओढलं. निघेना. धूर वाढला. मागून समोरच्या फ्लॅटमधले नवराबायको मांजर घेऊन आले, बॅगेवरून पाय टाकून गेले. तो जाता जाता म्हणाला, अहो सोडा ती. त्याने माझा दंड धरला. तेव्हा सोडली.

खाली सगळे रस्त्यापलीकडे उभे होते. कोणाच्या हातात काही नव्हतं. फोन, मांजर, एकीच्या हातात लाटणं. बंब येऊन थांबला. उतरले तेच अधिकारी, व्याख्यानाचे. मला ओळखलं नाही. गडबड होती. प्रत्येक घराला विचारत होते, कुठला मजला, घरात किती जण, सगळे बाहेर आले का. माझ्यापाशी आले. मी म्हटलं, तिसरा मजला.

किती जण?

चार, मी म्हटलं.

बाकीचे तिघे वर आहेत?

मला सांगता येत नाही तेव्हा काय झालं. चार हा आकडा इतक्या कागदांवर लिहिला होता. तोंडातून तोच आला, आणि त्यांनी पुढचं विचारलं तेव्हा मी नुसता वर, आमच्या खिडकीकडे बघत राहिलो. अधिकाऱ्यांना ते उत्तर वाटलं. त्यांनी हात केला आणि दोघे जवान तोंडाला मास्क लावून आत पळाले. धूर जिन्यातून बाहेर लोळत येत होता. ते त्यात शिरले आणि दिसेनासे झाले.

टेलरबाई गर्दीतून पुढे आल्या. अधिकाऱ्यांना म्हणाल्या, “साहेब, हे एकटेच राहतात. बाई मुलीकडे जाऊन नऊ महिने झाले. वर कोणी नाही.”

अधिकारी माझ्यासमोर आले. आवाज चढवला नाही. “काका, माझी माणसं आत आहेत. वर कोणी आहे की नाही, एवढंच सांगा.”

सगळे बघत होते. सेक्रेटरी, समोरचे नवराबायको, मांजर.

मी म्हटलं, “कोणी नाही.”

त्यांनी वायरलेसवर सांगितलं. दोघे बाहेर यायला चार मिनिटं लागली. मी घड्याळ पाहत होतो. चार मिनिटं फार असतात. चाळीस म्हणजे किती, त्याचा अंदाज आला.

त्यातला एक लंगडत आला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर धुरात माझ्या बॅगेला अडखळून पडला होता. फुटपाथवर बसून मास्क काढला, पाणी प्यायला. तिशीचा असेल. मी जवळ गेलो. तोच आधी बोलला. म्हणाला, सगळीकडे बघितलं काका. पलंगाखाली, बाथरूममध्ये. बायकामुलं घाबरून कपाटात लपतात, म्हणून कपाटही उघडलं.

मला वाटलं रागावेल. रागावला असता तर बरं झालं असतं.

आग पाऊण तासात विझली. कोणाला काही झालं नाही. त्याचा गुडघा सोडून.

१३ मार्च, शुक्रवार

वीज नाही. बॅग कोणीतरी वर आणून दाराशी ठेवली होती. चाक गेलंय.

सकाळी अग्निशमन केंद्रावर चालत गेलो. एका गुडघ्याची चौकशी करायची होती. काउंटरवरच्या माणसाने सांगितलं, मुका मार आहे, दोन दिवस रजेवर पाठवलंय. मग वहीत नोंद करायला विचारलं, तुमचं त्यांच्याशी नातं काय?

मी म्हटलं, ते काल माझ्या घरी आले होते.

त्याने ‘परिचित’ असं लिहिलं.

येताना टेलरबाईंच्या दुकानावरून यावं लागलं. मान खाली घालून पुढे निघालो होतो, त्यांनी हाक मारली. थांबलो. स्टूल पुढे केलं. त्या मशीन चालवत राहिल्या, मी बसलो. म्हणाल्या, बाईंना कळवलं मी कालच, त्या काळजीत होत्या. मी विचारलं, तुमच्याकडे तिचा नंबर आहे? त्या म्हणाल्या, दर आठवड्याला बोलतो की आम्ही. तुम्ही कसे आहात, जेवता-खाता ना, खाली उतरता ना, विचारतात.

दर आठवड्याला. नऊ महिने.

मला वाटायचं, मला बघून टेलरबाई सहज दाराशी येतात.

१५ मार्च, रविवार. दुपारी १

आज मी फोन केला. आधी कागदावर मुद्दे काढले होते. आगीचं कारण, माझी तत्काळ कृती, पुढील सुधारणा. कागद समोर ठेवला होता.

हिने उचलला. म्हणाली, घशाला धुराचा त्रास झाला का? मी म्हटलं, नाही. खोटं बोलताना खोकला आला. ती म्हणाली, गरम पाणी घेत जा. मी म्हटलं, हो.

मग पहिला मुद्दा वाचायला घेतला. तिने मध्येच थांबवलं.

“अहो, ऐका. मी परत येणार नाहीये. हे तुम्हाला कळलंय ना?”

मी कागद उलटा केला. पाठीमागे काही लिहिलेलं नव्हतं.

“कळलंय,” मी म्हटलं.

“कधी?”

“गुरुवारी.”

मागे नातीचा आवाज येत होता, काहीतरी ओढत नेल्याचा, मग हसण्याचा. अगदी स्पष्ट. मी म्हटलं, त्या दिवशी बाथरूममधून तू हाक मारलीस, ती मला ऐकू आली होती. एकदा.

ती म्हणाली, “माहीत आहे मला.”

एवढंच. चिडली नाही, रडली नाही. मला काही वेगळं अपेक्षित होतं का, तेही आता आठवत नाही. मनगट कसं आहे विचारलं. ती म्हणाली, बरं आहे, थंडीत दुखतं. नातीला त्याच हाताने उचलते का विचारलं. म्हणाली, नाही, दुसऱ्या. मी म्हटलं, बरोबर.

मग तिने विचारलं, भिंती काळ्या झाल्या का? म्हटलं, जिन्यातल्या झाल्या, घरात फक्त वास आहे, पडद्यांना. ती म्हणाली, पडदे धुवायला टाका, आणि दोन-तीन दिवस खिडक्या उघड्या ठेवा, वास जाईल.

उघड्याच ठेवल्यात, मी म्हटलं.

फोन ठेवला. उठलो आणि खिडक्या उघडल्या.